बोहनीचा शब्द

सकाळी सव्वाआठ वाजता पारवा आला आणि चौकटीत मावेना. पारवा म्हणजे खरा नव्हे, शब्दकोड्यातला. उभा पंधरा, तीन अक्षरं : ‘घुमतो, पण गात नाही’. हे मला झोपेत विचारलं तरी सांगीन. पण पहिल्या घरात आधीच ‘प’ बसलेला, शाईनं, माझ्याच हातचा, ठसठशीत. ‘पा’ नव्हे, ‘प’. काना नाही. मी पेन्सिल उचलली, खाली ठेवली. पुन्हा उचलली. एवढीशी गोष्ट हो, एक काना, उभी रेघ. पण पोटात कुणीतरी वाटी पालथी घातल्यासारखं झालं. कारण त्या क्षणी मला असं नाही वाटलं की माझा ‘प’ चुकलाय. मला वाटलं की पारव्याला काना असतो की नसतो तेच मी विसरले. परवा? पारवा? परवा म्हणजे उद्याच्या नंतरचा दिवस, आणि उद्याच्या नंतरचा दिवस म्हणजे सोमवार, आणि सोमवारी अकरा वाजता माझी त्या डॉक्टरकडे वेळ घेतलेली. सुनेनं चिठ्ठी फ्रिजवर लावून ठेवलीय, वर लिंबाच्या आकाराचं चुंबक. ‘आईंची स्मरणशक्ती तपासणी.’ सून दातांची डॉक्टर आहे, अक्षर किडक्या दाढेसारखं, तरी तेवढं एक वाक्य कसं सुवाच्य काढलंय बघा. म्हणाली, ‘‘आई, घाबरण्यासारखं काही नाही हं, नुसती प्रश्नोत्तरं असतात.’’ मी म्हटलं, ‘‘प्रश्नोत्तरांना कोण घाबरतं? जन्म गेला माझा त्यात.’’ आणि मनाशी पैज लावली. शनिवारचं मोठं कोडं सुटलं तर सोमवारी हसत जायचं. नाही सुटलं तर जायची गरजच नाही, उत्तर घरबसल्या मिळालं.

आता शनिवारचं कोडं म्हणजे काय ते सांगते. रोजचं कोडं असतं ते पोरखेळ. शनिवारी जो रचतो त्याला आम्ही बोका म्हणतो, कारण तो आपल्याला पंजात धरून खेळवतो. त्याच्या सूचनेत दिसतं एक आणि असतं भलतंच. शब्द फोडायचे, उलटे करायचे, एकाच्या पोटात दुसरा शोधायचा. आम्ही चौघं त्याच्या मागे गेली अकरा वर्षं लागलोय : मी, घड्याळजी, निवृत्त कंपाउंडर आणि शिंपीणबाई. दुपारी चार वाजता शिंपीणबाईच्या दुकानात, मागच्या खोलीत, कापड बेतायच्या टेबलाभोवती जमायचं. आमचे दोन नियम. पहिला, बोहनीचा शब्द. सकाळी सगळ्यांत वडील माणसानं, म्हणजे मी, एक शब्द सोडवायचा आणि तिघांना फोन करून सांगायचा. तो सगळ्यांनी शाईनं लिहायचा. बाकी कोडं पेन्सिलीनं, पण बोहनी शाईनं. बोहनीवर शंका घ्यायची नाही. दुसरा नियम, दुपारी कुणाचं अडलं तर उत्तर तोंडानं सांगायचं नाही. उत्तराची गोष्ट सांगायची. शब्द गोष्टीत कुठेतरी ठेवून द्यायचा आणि समोरच्यानं तो उचलायचा. हा नियम मी काढला हे वेगळं सांगायला नको. गोष्टी सांगायला मला कोडंसुद्धा लागत नाही.

कारण मी थापा मारते. आता या वयात लपवायचं काय? मारते, आणि बऱ्या मारते. दूध उतू जायच्या आत मी शनिवारचं कोडं सोडवते, ही थाप मी अकरा वर्षं चालवलीय. आमच्या ह्यांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन चाललं होतं तेव्हा सर्जननं मला आत बोलावून दोन उभे शब्द विचारले, त्याशिवाय त्याचं चित्त लागेना, ही दुसरी. एकदा दाढ काढताना तोंडात चिमटा असताना मी बोटांनी हवेत उत्तर लिहिलं आणि दंतवैद्यानं दाढ सोडून आधी ते वहीत उतरवून घेतलं, ही सुनेसमोर सांगितली, तेव्हा ती म्हणाली, ‘‘कोणते दंतवैद्य? त्यांचं नाव सांगा, मी त्यांची तक्रार करते.’’ तर सांगायचं काय, की मी अडले असं अकरा वर्षांत कुणी ऐकलेलं नाही. आणि दूध उतू जाऊन, गॅस पुसून, पुन्हा दूध तापवून झालं तरी त्या सकाळी माझ्या खालच्या उजव्या कोपऱ्यात नऊ घरं रिकामी होती. फोन तर सात वाजताच करून बसले होते. आडवा पंधरा, पाच अक्षरं : ‘मुक्काम कायम दाराशी, काम येणाऱ्याच्या पायांशी’. बघितल्याबरोबर फोडलं. मुक्काम दाराशी म्हणजे पहारा. काम म्हणजे करणं, करी. आणि पायांशी म्हणजे काय, तर शब्दाच्या पायाशी, शेवटी. शेवटी ‘करी’ लावा. पहारेकरी! घड्याळजीनं फोन कानाला धरूनच पाच घरं शाईनं भरली होती. मग म्हणाला, ‘‘आजीबाई, तुमचं डोकं एकदा माझ्या टेबलावर उघडून बघायचंय.’’ मी म्हटलं, ‘‘उघड, पण स्क्रू परत मोजून बसव.’’

आणि आता हे. पारवा बसेना. तिसऱ्या घरातल्या ‘रे’वरून खाली उतरणारा उभा सोळा, चार अक्षरं : ‘मूळ अंक संपला की हाती येते’. रे... रे... रेखाटणी? असा शब्द असतो का? मी तो मोठ्यानं म्हणून बघितला. दोनदा म्हटला की कुठलाही शब्द खरा वाटायला लागतो, आणि चारदा म्हटला की आपलं नावसुद्धा खोटं वाटतं. खिडकीतून समोरच्या इमारतीत एक बाई पायजमे वाळत घालत होती. पायजमा. पा. काना. मला कान्याचा आवाज येत होता, डोळ्यांना तो दिसत होता, पण चौकटीकडे वळले की हात जड व्हायचा. ताईचा हात कधी जड नाही झाला. ताई म्हणजे माझी मोठी बहीण. कोडी मला तिनं शिकवली, मी दहा वर्षांची आणि ती सतराची असताना, एका पलंगावर पालथं पडून, एका पेन्सिलीत. तिचं अक्षर छापल्यासारखं. शेवटची दोन वर्षं ती माझ्याकडे होती, आणि शेवटची दोन वर्षं ती रोज कोडं भरायची. एकही घर रिकामं नाही. एकही खाडाखोड नाही. सुंदर, गोल, सारखी अक्षरं. आणि त्यांचा कशाचा कशाला मेळ नाही. आडवं वाचा, उभं वाचा, नुसती अक्षरं, रस्त्यात भेटलेल्या अनोळखी माणसांसारखी शेजारी शेजारी उभी. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा आत जाऊन नळ सोडला आणि नळाच्या आवाजात उभी राहिले. मग बाहेर आले आणि म्हटलं, ‘‘ताई, सगळं बरोबर.’’ ती म्हणाली, ‘‘खरंच?’’ मी म्हटलं, ‘‘अगदी. पैकीच्या पैकी.’’ माझ्या आयुष्यातली सगळ्यांत वाईट थाप, आणि ती मी दोन वर्षं रोज मारली.

दुपारचं जेवण झालं, घशाखाली काय गेलं ते आठवत नाही, आणि ते आठवत नाही म्हणून आणखी घाबरले. असं असतं बघा ते. एकदा का आपण आपल्याच मागे हेर लावला की चमचा पडला तरी तो लिहून घेतो. चष्मा शोधला तर तो डोळ्यांवर होता. एरवी मी याची गोष्ट करून सांगितली असती, आज हेरानं ती लिहून घेतली. परवा नातीला तिच्या आईच्या नावानं हाक मारली होती, तेही लिहिलं. साडेतीनला निघाले. जायचं नव्हतं, पण न जाणं म्हणजे सांगून टाकणं. जिन्यात पायऱ्या मोजल्या. बावीस. नेहमी किती असतात? कधी मोजल्याच नव्हत्या.

शिंपीणबाईच्या दुकानात शिरलं की आधी गरम इस्त्रीचा आणि ओल्या कापडाचा वास येतो, मग ती दिसते, तोंडात टाचण्या धरून. टाचण्या असल्या की ती गप्प, म्हणून आम्ही तिच्यावर तेवढ्यात बोलून घेतो. मागच्या खोलीत टेबलावर एका कोटाचं पोट उसवून ठेवलं होतं. कंपाउंडर आधीच आलेले, सदरा पांढरा, इस्त्रीचा, अजून दवाखान्यात असल्यासारखा. ते मला वहिनी म्हणतात. आमच्या ह्यांना शेवटची सगळी इंजेक्शनं त्यांनी दिली, आणि एकही दुखलं नाही असं हे सांगायचे. घड्याळजी शेवटी आला, साडेतीन मिनिटं उशिरा. जगाची घड्याळं दुरुस्त करतो आणि स्वतः कधी वेळेवर नाही. ‘‘काय आजीबाई, दूध उतू गेलं का?’’ हा त्याचा दर शनिवारचा प्रश्न.

‘‘दूधवाला यायच्या आतच सुटलं आज,’’ मी म्हटलं. जीभ सवयीनं बोलून गेली. मग चौघांनी वर्तमानपत्रं काढली आणि चौघांनी ती घडी घालून पालथी ठेवली. एरवी एव्हाना घड्याळजीनं फुशारकी मारायला सुरुवात केलेली असते. आज तो भिंगानं कोटाची बटणं बघत बसला. शिंपीणबाईनं टाचण्या काढल्या, साळिंदरासारख्या उशीत एकेक खुपसल्या आणि म्हणाली, ‘‘चहा ठेवू?’’ कंपाउंडर म्हणाले, ‘‘ठेव.’’ ती उठलीच नाही. पंखा फिरत होता. कापडाचे तुकडे टेबलाखाली सरकत होते. मला वाटलं, यांना कळलंय. सुनेनं यांना फोन केलाय. माझ्यासमोर कोडं काढायचं नाही असं यांचं ठरलंय. ताईसमोर आम्ही असंच करत होतो, पाहुणे आले की वर्तमानपत्र उचलून आत ठेवायचो, अगदी सहज, अगदी हसत.

‘‘मावशी,’’ शिंपीणबाई एकदम म्हणाली, ‘‘खालच्या उजव्या कोपऱ्याची गोष्ट सांगा ना.’’

‘‘म्हणजे मला अडलंय असं नाही,’’ घड्याळजी घाईनं म्हणाला, ‘‘पण गोष्ट ऐकायला काय जातंय.’’

आता गोष्ट सांगायची म्हणजे शब्द हवा. माझ्याकडे शब्द नव्हता. अकरा वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे तोंडात घालायला थाप नव्हती. मी तोंड उघडलं, आणि देवाशपथ सांगते, उघडलं तेव्हा मला माहीत नव्हतं त्यातून काय पडणार आहे. पडली ती ताई. म्हटलं, माझी एक मोठी बहीण होती. तिनं मला कोडी शिकवली. म्हातारपणी तिचं सगळं गेलं, माणसं गेली, नावं गेली, पण कोडं राहिलं. रोज भरायची. मी तपासायची आणि बरोबर म्हणायची. आणि ती काय करायची, मी बरोबर म्हटलं की तो कागद नीट कापायची, चार घड्या घालायची आणि दारातल्या पायपुसण्याखाली सरकवून ठेवायची. मी विचारलं, ताई, तिथे का गं? तर म्हणाली, येणारे-जाणारे पाय देतील, अक्षरं दाबून बसतील, मग हलणार नाहीत. ती गेली त्यानंतर मी पायपुसणं उचललं. खाली कागदांची गादी झालेली, दोन बोटं जाड. मी ते एकेक उलगडून वाचले, आडवे, उभे. सगळी दुपार. एखादा तरी शब्द लागलेला असेल म्हणून. आणि एक दिवस, जायच्या आधी महिनाभर, मी बरोबर म्हटल्यावर ती माझ्याकडे अशी बघत राहिली आणि म्हणाली, ‘‘तू खोटं बोलतेस ते मला अजून कळतं.’’ एवढं बोलून कागद कापायला लागली. मी थांबले. मला पुढे असं म्हणायचं होतं की आज सकाळपासून माझाही हात... की मलाही आता कुणीतरी बरोबर म्हणा, नाहीतर नका म्हणू, पण सांगा. माझी नजर टेबलावरच्या खडूच्या रेघेवर होती. खडूची रेघ थरथरत होती की डोळे, कोण जाणे.

‘‘पायपुसणे!’’

शिंपीणबाई उभीच राहिली. टाचण्यांची उशी खाली पडली. ‘‘पा-य-पु-स-णे! पाच! मुक्काम कायम दाराशी, काम येणाऱ्याच्या पायांशी! अहो, सरळ आहे! बोक्यानं सरळ विचारलंय!’’

‘‘सरळ?’’ घड्याळजी ओरडला. ‘‘बोका सरळ विचारतो?’’

‘‘तेच ना! म्हणून तर कुणाला दिसलं नाही!’’

चौघांची वर्तमानपत्रं उलटी झाली. आणि मी बघितलं. कंपाउंडरांच्या कागदावर, उभ्या पंधराच्या घरांत, खोडलेल्या पेन्सिलीची सावली होती : पारवा. घड्याळजीनं इतक्या जोरात खोडलं होतं की पहिल्या घराला भोकच पडलेलं. शिंपीणबाईनं समासात शिंप्याच्या खडूनं लिहून वर बोट फिरवलं होतं, निळसर धूर झाला होता, आणि त्या धुरातही पारवा दिसत होता. सगळ्यांचा पारवा आला होता. सगळ्यांनी माझ्या शाईला मान देऊन तो उडवून लावला होता.

‘‘मला वाटलं, रक्तदाबाची नवी गोळी चढली,’’ कंपाउंडर हळूच म्हणाले. ‘‘मीच सगळ्यांना सांगायचो गोळीनं असं काही होत नाही म्हणून. सकाळपासून नाडी मोजतोय.’’

‘‘मी डोळ्यांच्या डॉक्टरला फोन केला,’’ घड्याळजी म्हणाला. ‘‘म्हटलं, मला ‘पा’चा ‘प’ दिसायला लागलाय. गिऱ्हाइकांची घड्याळं कशी उघडू आता?’’

‘‘मी तर दुपारची जेवलेच नाही,’’ शिंपीणबाई म्हणाली. ‘‘म्हटलं, आपण चौथी शिकलेली बाई, उगाच या लोकांत बसतो.’’

उभा सोळा तर कुणी सांगितलासुद्धा नाही, आपोआप लिहिला गेला. पु, पुरवणी. मूळ अंक संपला की हाती येते ती पुरवणी. अहो, दर रविवारी हातात असते. नऊ घरं भराभर भरली, टेबलावर चार पेन्सिलींचा आवाज, उंदीर कुरतडल्यासारखा. मी शाईच्या ‘प’ला काना दिला. एक उभी रेघ. आणि ती देताना मला जे झालं ते कसं सांगू? दिवसभर घट्ट बसलेल्या बांगडीखाली साबणाचं पाणी गेल्यासारखं झालं. ताईच्या चौकटीत चूक नव्हती. तीच तर तिची तऱ्हा होती. चूक व्हायला कुठेतरी बरोबर असावं लागतं, आणि तिच्याकडे ते उरलं नव्हतं. माझा पारवा दिवसभर घुमत होता. मी त्याला आत घेतलं नाही, हा माझा गाढवपणा. मी चुकले होते. नुसती चुकले होते! शहाण्यासारखी, फोड करून, तिघांना फोन करून, शाईनं चुकले होते.

घड्याळजीनं भिंग डोळ्यावरून काढलं. ‘‘एक मिनिट. मग सकाळचा पहारेकरी?’’

तिघं माझ्याकडे बघायला लागली. थाप जिभेच्या टोकावर तयार होती, ताजी, वाफाळती : परीक्षा घेतली तुमची, बोहनीवर डोळे मिटून विश्वास ठेवता म्हणून. किती सुरेख बसली असती. पण मी म्हटलं, ‘‘चुकले.’’

मग घड्याळजी असा हसायला लागला की त्याला खोकला आला. ‘‘चुकले म्हणे! आजीबाई आणि चुकणार! अहो, आधी खोट्या बोहनीनं चौघांना खड्ड्यात घालायचं आणि मग बहिणीची गोष्ट रचून वर काढायचं!’’

‘‘आणि काय रचली हो मावशी,’’ शिंपीणबाई डोळे पुसत म्हणाली. ‘‘मला खरंच रडू आलं. ते कागद पायपुसण्याखाली ठेवायचं कसं सुचतं तुम्हाला?’’

‘‘मी खरंच चुकले गं,’’ मी म्हटलं. ‘‘दिवसभर घाबरले होते.’’

‘‘बघा, अजून चालूच आहे!’’ घड्याळजी टेबलावर हात आपटत म्हणाला. आणि मीही हसायला लागले. करते काय? अकरा वर्षं पेरलं ते उगवलं. पण हसताना पोटातली ती पालथी वाटी कधी सरळ झाली मला कळलं नाही. आणि चहा झाला. साखर जास्त पडली होती, आणि मला ती कळली.

निघताना कंपाउंडर माझ्याबरोबर दुकानाच्या पायरीपर्यंत आले. ते मघाशी हसले नव्हते. पायरीशी थांबून त्यांनी खिशातला रुमाल काढला, तसाच परत ठेवला. म्हणाले, ‘‘वहिनी, ताईंना जाऊन किती वर्षं झाली?’’

‘‘बारा,’’ मी म्हटलं.

‘‘शेवटी बरोबरच म्हणत राहिलात ना?’’

‘‘हो.’’

‘‘बरं केलंत,’’ ते म्हणाले. ‘‘मीही सगळ्यांना सांगायचो, मुळीच दुखणार नाही.’’ आणि ते त्यांच्या वाटेनं गेले, एक हात मनगटावर, पण आता नाडी मोजत नव्हते. नुसतं घड्याळ बघत होते.

जिन्यात पायऱ्या मोजल्या नाहीत. सुनेनं दार उघडलं, दवाखान्यातून नुकतीच आली होती, हाताला लवंगेचा वास. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, दात बघते तशी, न दुखवता. तिच्या मागे फ्रिजवर चिठ्ठी तशीच होती. मी म्हटलं, ‘‘सोमवारी अकराला ना? येईन हो. लवकर नेऊन बसव, तिथलं वर्तमानपत्र मला आधी मिळायला हवं.’’

तिचे खांदे खाली आले. मला तेव्हा कळलं की दिवसभर हेर लावून बसलेली मी एकटी नव्हते. ‘‘आज कोडं सुटलं वाटतं,’’ ती म्हणाली. ‘‘दूध उतू जायच्या आत?’’

‘‘नाही गं. साडेनऊ तास लागले. पहिलाच शब्द चुकला, शाईनं. चार माणसं मिळून सोडवलं, आणि उत्तर काय होतं माहितीये? ज्यावर मी आत्ता उभी आहे ते.’’

सून खाली बघायला लागली, मग वर, आणि मग हसली, किती दिवसांनी मोकळं हसली. ‘‘काहीच्या काही सांगता हं आई. सोमवारी त्या डॉक्टरांना असलं काही सांगू नका, त्यांना खरं वाटेल.’’

मी पाय पुसले. आधी उजवा, मग डावा. नीट, दाबून. आणि आत गेले.